तोमिकोचा ओंडका

मी आजवर एकही जपानी सिनेमा जागेपणी पाहिलेला नाही, तरीही आलापल्लीत या विषयावर माझं मत विचारलं जायचं.

त्यासाठी मला फार कष्ट पडले नाहीत. दर रविवारी दुपारी जेवण झालं की खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि शबानाबाई रडायला लागल्या की उघडायचे. त्या रडल्या म्हणजे सिनेमा संपला!

शबानाबाई आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. अर्ध्या गावाची ब्लाउजं त्यांच्याकडे शिवायला असतात. त्यांची मुलगी नागपूरला शिकते. तिनं एका सुट्टीत पेनड्राइव्ह आणला. त्यात एका नामांकित जपानी दिग्दर्शकाचे चित्रांचे सिनेमे होते. आता पुष्कळ म्हातारा आहे म्हणे तो माणूस, आणि एकेक चित्र हातानं काढतो! आमच्या घरात त्याचं नाव ‘जपानी बाबा’ पडलं. टीव्ही आमचा मोठा, म्हणून सिनेमा आमच्याकडे. प्रेक्षक तीन: शबानाबाई, माझी बायको कुंदा आणि उपकेंद्रातल्या नर्स मडावी सिस्टर. सिस्टरचं माहेर एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका गावात. (चौथा प्रेक्षक मी. पण मी वनविभागाच्या लाकूड डेपोत अठ्ठावीस वर्षं कारकून असल्यामुळे मला ओंडक्यातच धरत असत.)

अडचण एकच होती. सिनेमा जपानी आणि खाली पळणारी अक्षरं इंग्रजी. कुंदा मिडल स्कूलला इंग्रजी शिकवायची. ती अक्षरं वाचायची आणि जागच्या जागी आपल्या बोलीत सांगायची. त्यामुळे आमच्या टीव्हीवर जपानी पोरी एकमेकींना “काऊन वं, कुठी चालली?” असं विचारायच्या आणि जपानी सेनापती “मले नाई जमत बाप्पा!” म्हणून लढाई सोडून द्यायचा. जपानी बाबांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी पेन्सिल तरी टाकली असती, नाही तर आलापल्लीला बिऱ्हाड तरी केलं असतं.

सिनेमा संपला की खरी लढाई सुरू व्हायची. कोणता सिनेमा सगळ्यात चांगला? नावं कोणालाच म्हणता येत नव्हती, म्हणून विमानवाला, जंगलवाला, समुद्रवाला अशी बारशी आम्हीच केली होती.

“विमानवालाच पहिला,” शबानाबाई म्हणायच्या. “वाऱ्यानं कपडा कसा उडते, ते त्या बाबाले समजते. सुती कसा उडते, रेशमी कसा उडते, बरोब्बर!”

“कपडे पाहाले पिक्चर पाहाते काय कोणी?” सिस्टर. “जंगलवाला पहिला. मले तं वाटते तो माणूस आमच्या गावात येऊन राहून गेला. झाडं पाहा ना, आमच्याच नाल्यावरची हायेत.”

कुंदाचा पहिला नंबर दर रविवारी बदलायचा. ज्या सिनेमात कोणीतरी नीट स्वयंपाक करतं, तो तिचा त्या आठवड्याचा पहिला. शेवटी दोघी पाहुण्या माझ्याकडे वळायच्या. “तुमी सांगा, भाऊजी!”

माझी दोन वाक्यं ठरलेली होती. “संगीत काळजाला भिडलं,” आणि “शेवट जरा घाईत उरकला.” ही वाक्यं कोणत्याही सिनेमाला चालतात, लग्नालाही चालतात. एकदा मात्र हुशारी अंगाशी आली.

“त्या म्हाताऱ्याचं काम फार छान झालंय,” मी म्हणालो.

“कोणता म्हातारा?” सिस्टरनी विचारलं. “सगळा पिक्चर पोराइचा होता!”

“म्हणजे… पोरांच्या मनातला म्हातारा,” मी म्हणालो.

दोघींनी आदरानं मान हलवली. कुंदा मात्र पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. तिला खोकला आला असेल असं मला वाटलं.

विमान आणि जंगल यांचं भांडण पुढे एवढं पेटलं की सिस्टर आणि शबानाबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात सिस्टरच्या ब्लाउजची एक बाही आखूड शिवली गेली. हात चुकला, असं शबानाबाई सांगतात. सिस्टरनी ते ब्लाउज घातलं आणि त्या जंगलवाल्याच्या बाजूनं भांडायला हजर झाल्या.

मग कुंदाच्या पोटात दुखायला लागलं.

आधी ते दुखणं पित्ताचं होतं, मग चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी एक शब्द सांगितला. तो शब्द आम्ही घरात कधी उच्चारला नाही. ‘नागपूरचं काम’ म्हणायचो. “या आठवड्यात नागपूरचं काम आहे,” एवढंच. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे काम दोघांचंच होतं. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शनं घ्यायला भाड्याची गाडी करून जायचं आणि यायचं.

तिसऱ्या खेपेनंतर कुंदाला टीव्हीचा उजेड सोसेना. त्या रविवारी एक नवा सिनेमा लावायचं ठरलं होतं. ती आतल्या खोलीत पडदा ओढून झोपली आणि मला म्हणाली, “रद्द नका करू. त्या दोघी आशेनं येतात. माझ्या वाटचा तुम्ही पाहा, अन् मंग मले सांगा.”

मी शपथ घेतली. खुर्ची काढून टाकली आणि लाकडी स्टुलावर बसलो, मानेवर ओलं फडकं ठेवलं, तोंडात लवंग धरली. बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं काम असं डोळ्यांत पाहून सांगितलं होतं.

मी स्टुलावर बसल्या बसल्या झोपलो. लवंगेसकट!

जागा झालो तेव्हा शबानाबाई रडत होत्या. सांगायला कुंदा नसल्यामुळे त्या दिवशी कोणालाच काही कळलं नव्हतं. शबानाबाईंच्या मते सिनेमातल्या मुलीचं लग्न मोडलं होतं, सिस्टरच्या मते तिला कावीळ झाली होती. मी दोघींशी सहमत झालो.

दोन दिवसांनी नागपूरच्या वाटेवर, बल्लारपूर मागे पडल्यावर, कुंदानं डोळे मिटले आणि म्हणाली, “सांगा आता. पिक्चर कसा होता?”

खोटं बोलायला सुद्धा काही भांडवल लागतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. पुढे सागवानानं भरलेला एक ट्रक चालला होता.

“एक बाई असते,” मी म्हणालो. “तोमिको तिचं नाव. जपानातल्या लाकूड डेपोत कारकून असते.”

“जपानातबी डेपो हाये?”

“मोठा! तर ती ओंडक्यांवर नंबर टाकत असते. एक दिवस पाहते तर एका ओंडक्याला पान फुटलेलं.”

कुंदानं डोळे उघडले. मग पुन्हा मिटले. “मंग?”

मग काय! तोमिकोनं तो ओंडका लिलावातून लपवला. मग ओंडक्याला घरी, आपल्या डोंगरावर जायची इच्छा झाली. मग तोमिको त्याला घेऊन एसटीत बसली.

“कंडक्टरनं ओंडक्याचं तिकीट मागतलं असंन ना?”

“मागितलं. हाफ.”

कुंदा हसली. पोट धरून हसली, कारण हसलं की दुखायचं. नागपूर आलं तेव्हा तोमिको जेमतेम दुसऱ्या बसमध्ये चढली होती. मी म्हणालो, उरलेला पुढच्या खेपेला.

असा तो दोन तासांचा सिनेमा पाच महिने चालला! तिला सगळं लक्षात राहायचं आणि मला काहीच नाही.

“मागच्या खेपेले तिचं नाव तोमिको होतं. आज कोमिको काऊन?”

“मधल्या काळात लग्न झालं तिचं. जपानात सासरी नाव बदलतात.”

“लग्न कधी झालं? मले तं बलावलं नाई.”

“घाईत उरकलं.”

कधी ती स्वतःच फर्माइश करायची. “आज तिले पोटभर जेवू द्या. चार खेपांपासून उपाशीच हिंडून राह्यली बिचारी.”

“सिनेमात तसं नाहीये,” मी ताठ्यात म्हणायचो, आणि पुढच्याच गावात तोमिकोला वांग्याची भाजी मिळायची. कुंदाला स्वतःला तेव्हा दोन घास जात नव्हते. तोमिको काय काय जेवली ते ती मला तीन तीनदा सांगायला लावायची.

गडबड होऊ नये म्हणून मी पुढचा भाग डेपोत बसून लिहून काढायला लागलो. लिलावाच्या याद्यांच्या कच्च्या कागदांवर! एक दिवस मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर टंकलेखकानं इमानदारीनं उतरवलेली यादी होती, आणि त्यात एका लॉटसमोर, लांबी-गोलाईच्या जागी छापलं होतं: ‘याला घरी जायचं आहे, हा रात्रभर रडला.’

“हे काय आहे?” साहेब.

“साहेब, जपानी आहे.”

“व्यापारी विचारतो, रडलेलं लाकूड ओलं धरायचं की सुकं?”

साहेबांना कुंदाचं माहीत होतं. त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ओलं लिहा. आणि घरी जा.”

शेवटच्या खेपेला तोमिको ओंडका घेऊन डोंगराच्या पायथ्याशी पोचली. वाटेत सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांची रांग होती, गाडी जागची हलत नव्हती, म्हणजे शेवट सांगायला भरपूर वेळ होता. मी घसा साफ केला.

“आज नका सांगू,” कुंदा म्हणाली. तिनं माझ्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं. “पुढच्या खेपेले ठेवा.”

पुढची खेप झाली नाही. नऊ दिवसांनी सकाळी, मी चहा गाळत असताना, सिस्टर तिच्या उशाशी बसल्या होत्या तेव्हा कुंदा गेली. सिस्टरनी मला हाक मारली नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या हातातलं गाळणं काढून घेतलं.

तेरवी झाली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी शबानाबाई आणि सिस्टर आल्या. डब्यात शिरखुर्मा होता. टीव्ही बंद होता. आम्ही तिघं त्या बंद टीव्हीकडे तोंड करून बसलो.

“भाऊजी,” शबानाबाई शेवटी म्हणाल्या, “एक विचारू? कुंदाबाईनं आमाले एका पिक्चरची गोष्ट सांगतली होती. तिनं तो नागपूरच्या दवाखान्यात तुमच्यासोबत मोबाइलवर पाह्यला म्हणे. जपानी बाबाचा सगळ्यात भारी पिक्चर, म्हणे. तिनं त्याले पहिला नंबर देला, अन् मंग बदललाच नाई.”

“कोणता?”

“लाकूडवाला. तोमिकोचा. माझ्या पोरीनं समदं इंटरनेट पाह्यलं, कुठीच भेटून नाई राह्यला!”

माझ्या हातातली वाटी कलंडली. शिरखुर्मा पँटीवर सांडला, आणि मी तो पुसतच राहिलो, कारण वर पाहायची सोय नव्हती.

“तो सिनेमा नाहीच,” मी म्हणालो. “मी त्या दिवशी झोपलो होतो. सगळं मनानं रचून सांगितलं तिला.”

“झोपता ते आमाले माहीत हाये, भाऊ,” सिस्टर म्हणाल्या. “घोरता तुमी. कुंदाबाई आमाले म्हणे, आवाज वाढवा पण त्यायले उठवू नका, आठवडाभर थकतात.”

“म्हणजे तिला…”

“तिले काय समजत नव्हतं? पयल्याच दिवशी मले म्हणे, सिस्टर, शबानाबाईले सांगू नका, यायनं आज जपानात एसटी सुरू केली!”

त्या हसल्या. मी पण हसलो, आणि हसता हसता ते भलतीकडेच गेलं. दोघी थांबल्या आणि मला पाणी दिलं.

“बरं,” शबानाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “मंग शेवट सांगा. आमची गाडी बी डोंगराच्या पायथ्यालेच थांबली हाये.”

शेवट मी मनात तयार ठेवला होता, तोच सांगितला. तोमिको खड्डा खणते, ओंडका उभा करते, पाणी घालते, आणि सकाळी पाहते तर ओंडक्याचं झाड झालेलं. हिरवंगार. पाखरं वगैरे.

सिस्टरनी हातातली वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “नाई जी, भाऊ. तसं होत नाई.”

“सिनेमा आहे, सिस्टर!”

“पिक्चर असला तरी काय झालं? ओंडक्याले पान फुटते ते आतल्या ओलाव्यावर. चार दिवस. मंग तो वाळते. त्याचं झाड नाई होत.” त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. “फुटवा येते तो बुडाले. जिथून तोडलं तिथी. तोमिकोले त्या बुडापाशी न्या. तिथी हाताएवढे फुटवे आले असतीन. ते पाहू द्या तिले. ओंडका तिथीच ठेवते, अन् ती घरी जाते.”

“रडत?” शबानाबाईंनी विचारलं.

“रडत. मंग सैपाक करते अन् जेवते.”

“हा शेवट कुंदाबाईले आवडला असता,” शबानाबाई म्हणाल्या. मग मला वाटी पुन्हा भरून दिली, आणि ती रिकामी होईस्तोवर दोघी समोर बसून राहिल्या.

अठ्ठावीस वर्षं मी सागवानाच्या नोंदी केल्या, आणि ते पुन्हा फुटतं कुठून, हे मला एका नर्सबाईंनी सांगितलं. तेही माझ्याच घरात, माझ्याच सिनेमात चूक काढून!