जावेचं इंग्रजी

माझा धाकटा दीर जहाजावर नोकरीला होता. थायलंडच्या दक्षिणेकडच्या एका मुसलमान घरात त्याचं लग्न झालं आणि साठ सालानंतर तो बायकोला घेऊन आमच्याकडे कतारात आला. आम्ही उत्तरेकडच्या अल रुवैस या बंदराच्या गावी राहत होतो. माझा नवरा तिथं लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. दिराला तेल कंपनीत काम मिळालं. तो आठवडाभर कॅम्पवर असायचा आणि गुरुवारी घरी यायचा. जाऊ मात्र माझ्याजवळच राहायची.

विशीतली पोर होती ती. तिची भाषा फक्त दिराला येत होती, तीही मोडकीतोडकी. माझ्याशी ती खाणाखुणांनी बोलायची. हळूहळू चार शब्द कोकणीतले, चार अरबीतले तिच्या तोंडी बसले. मी रत्नागिरीला मॅट्रिकपर्यंत शिकले होते, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. एके सकाळी सुकी मासळी चाळताना ती म्हणाली, "भाभी, इंग्लिश."

मला नवल वाटलं. गावात सगळे अरबीच बोलत होते. गुरुवारी मी दिराला सांगितलं, तर तो हसला नाही. "इंग्रजी कशाला पाहिजे तिला? अरबी शिकव," एवढंच म्हणाला. शनिवारी तो कॅम्पला गेल्यावर तिनं पुन्हा विचारलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याला सांगायचं नाही म्हणून.

मी शिकवायला लागले, पण मनात किंतू होता. पाणी, भात, विहीर हे शब्द ती ऐकून सोडून द्यायची. तिला हवे होते वेगळेच. डोळे मिटून, हात हलवून ती मला अर्थ समजावायची, आणि मग मी शब्द द्यायची. खरं म्हणजे काय, पुन्हा सांगा कसं म्हणायचं, हळू बोला, कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं. मला वाटे, हे तर पोलिसांचे प्रश्न. नवऱ्याविरुद्ध तक्रार करायची आहे का हिला? की पळून जायचं आहे? लाँच आली की ती धक्क्याच्या बाजूला तोंड करून उभी राही. तिची ट्रंक जागेवर आहे ना, हे मी रोज बघायला लागले.

त्यातच गावाकडून सासूबाईंचा निरोप आला होता. लग्नाला तीन वर्षं होत आली, मूल नाही, तेव्हा दिरासाठी दापोलीकडची एक मुलगी बघितली आहे. दिरानं नाही म्हटलं नव्हतं. जावेला आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं, पण घरात तिच्याकडे बघून आवाज खाली जातात हे तिला कळत असणारच.

एक दिवस कंपनीचा एक गोरा माणूस जीपमध्ये पाणी भरायला आमच्या विहिरीशी थांबला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बघते तर ही डोक्यावरून ओढणी ओढून त्याच्याशी बोलतेय. तो दोहाच्या दिशेनं हात करून काहीतरी सांगत होता. जीप गेल्यावर मी खाली उतरले, तिचा दंड धरला आणि विचारलं, "कुठे जायचंय तुला? कुणाबरोबर?"

ती घाबरली नाही. मी शिकवलेलेच शब्द जुळवून म्हणाली, "लेडी डॉक्टर. आय आस्क. नॉट ही आस्क."

मग खाणाखुणांनी, तुटक शब्दांनी उलगडा झाला. आदल्या वर्षी दिरानं तिला दोहाच्या इस्पितळात नेलं होतं. दोघांचीही तपासणी झाली. डॉक्टरीणबाई इंग्रजीत बरंच बोलल्या, आणि त्यानं तिला एका वाक्यात सांगितलं की तुझ्यात दोष आहे. एवढं लांब बोलणं एका वाक्यात कसं मावलं, हे तिला तेव्हापासून खात होतं.

माझा तरी विश्वास कुठे बसला? बाईमाणसाला असं काहीतरी धरून बसायची सवय असते, असंच मला वाटलं. तरी मी नवऱ्याला माझी कंबर दुखते, डॉक्टरला दाखवायचंय म्हणून सांगितलं. तो इंजिनाचे भाग आणायला दोहाला निघाला, तेव्हा आम्हा दोघींनाही गाडीत बसवून घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. जावेनं हात मांडीवर घट्ट धरले आणि प्रश्न विचारला. बाई बोलायला लागल्या. "स्लोली. अगेन, प्लीज," ती म्हणाली. बाई माझ्याकडे बघून थांबल्या. जावेनं मान डोलावली, तेव्हा त्या पुन्हा हळूहळू बोलल्या. तिच्यात काही दोष नाही. दोष नवऱ्यात आहे, आणि हे त्याला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर मी नवऱ्याला काही सांगितलं नाही.

गुरुवारी दीर आला. दोघे भाऊ जेवायला बसले. तिनं वाढणं थांबवलं आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाली, "डॉक्टर टोल्ड यू. नाऊ यू टेल देम."

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणते ही?"

दिरानं घास ताटात ठेवला. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "भाभीला विचार," म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

मी म्हटलं, "तुमच्या भावानंच सांगायला हवं."

त्यानं ते भावाला कधी सांगितलं, काय सांगितलं, मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्यात दापोलीचं स्थळ मोडलं आणि सासूबाईंचे निरोप बंद झाले. जाऊ नवऱ्याशी बरेच दिवस तुटक वागत होती, पण राहिली. दीर मात्र माझ्याकडे संशयानं बघायला लागला. दोघी बसलेल्या दिसल्या की विचारायचा, "आज काय शिकवलंस?"

"भाजी चिरायला," मी सांगायची. त्याला ते पटायचं नाही. तो दाराशी विडी ओढत बसायचा आणि कान आमच्याकडे लावायचा. आम्ही अभ्यास चालूच ठेवला, आता मोठ्यानं.