एक स्थानिक महिला

“मावशी, जरा हे तबक धरा.”

सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी आईच्या हातात तबक दिलं. त्यात शाल, नारळ, सन्मानचिन्ह. आईला वाटलं, हे आपल्यालाच. तिनं पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. मग पाहुण्यांनी तबकातली शाल उचलली आणि सरांच्या खांद्यावर घातली. नारळ सरांना. सन्मानचिन्ह सरांना. टाळ्या. आई रिकामं तबक धरून तशीच उभी. बसा म्हणायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी मीच स्टेजवर जाऊन तिला खाली आणलं.

नाशिकमधलं एसी सभागृह. पुरस्कार स्थानिक इतिहासाचा. पुस्तक सरांचं. इतिहास आमचा.

आमचं जुनं गाव पेठकडचं. धरणात गेलं. त्यावर पुस्तक करायला सर आमच्या नव्या पाड्यावर यायचे. त्यांना आमची बोली कळायची नाही, म्हणून मी मध्ये बसायचे. मी नाशिकला, इंदिरानगरच्या दवाखान्यात नर्स आहे; रजा टाकून जायचे. आई सांगायची, कुणाचं खळं कुठं होतं, देव कुठल्या झाडाखाली होता, पाणी चढलं तेव्हा कोण घरातून निघायला तयार नव्हतं. सांगता सांगता रडायची. ती रडायला लागली की सर मोबाईल तिच्या तोंडाजवळ आणखी सरकवायचे. नागलीची भाकरी खाऊन उठताना म्हणायचे, “आजी, तुमचं नाव पुस्तकात येणार बरं का!” आईनं ते साऱ्या पाड्याला सांगून ठेवलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला. “आईंना लुगड्यातच आण हं. साडी नको. ऑथेंटिक वाटलं पाहिजे.” मी बरं म्हणाले.

खुर्चीत बसल्यावर मी तिथंच मिळालेलं पुस्तक आईच्या मांडीवर ठेवलं. अख्ख्या पानावर तिचा फोटो. आई काय खूश झाली!

“नाव कुठं हाय? बोट ठेव.”

फोटोखाली लिहिलं होतं: एक स्थानिक महिला.

मी मागची पानं चाळली, पुढची चाळली. सरांच्या गुरूंचं नाव होतं. बायकोचं होतं. गाडी दिली त्या मित्राचंसुद्धा होतं. आमच्यासाठी एक ओळ, ‘स्थानिकांचे सहकार्य लाभले.’ मी फोटोखाली बोट ठेवलं आणि जे होतं ते वाचलं.

“स्थानिक कोन?”

“आपण.”

आई त्या अक्षरांकडं बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण रेशनकार्डावर आपलं नाव तिनं बघितलेलं आहे.

“माझं नाव याच्यापरीस लांब हाय गं,” ती म्हणाली.

मला संताप यायला हवा होता. आला नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर हिरडी बधिर होते ना, तसं झालं होतं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. लागत काहीच नव्हतं.

तेवढ्यात मॅडम माईकवरून म्हणाल्या, “आणि आता आपल्या मावशी एक पारंपरिक गाणं सादर करतील!” टाळ्या. आई उठायला लागली. बोलावलं की उठायचं, ही तिची जन्माची सवय. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः गेले.

“गाणं होणार नाही,” मी म्हणाले. “पुस्तकात फोटो आहे ती माझी आई. तिचं नाव...”

मॅडमनी माईक काढून घेतला. हसत हसत. “वेळेअभावी आपण इथेच थांबूया.”

गाण्याला वेळ होता, नावाला नव्हता. लगेच राष्ट्रगीत लागलं. सगळे उभे राहिले. आम्हीही उभ्या राहिलो.

जिन्यात सर भेटले. शाल अजून अंगावरच. “अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? काम महत्त्वाचं. दुसऱ्या आवृत्तीत बघू. आणि ऐक, पुढच्या महिन्यात पलीकडच्या पाड्यावर जायचंय. तू लागशील मला.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही, सर.”

आजवर सरांना मी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आवाज चढला नाही माझा. आईचा हात धरून मी जिना उतरले.

पलीकडच्या पाड्यावर मी गेले. सरांच्या आधी गेले. बायांना सांगितलं, कुणी मोबाईल पुढं धरला की आधी त्याला आपलं नाव लिहायला लावा, मोठ्यानं वाचायला लावा, मग तोंड उघडा. नाही लिहिलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आता त्यांचं सांगणं मीच टिपते. जिचं सांगणं, तिचं नाव वर. याला कुणी पुरस्कार देणार नाही, मला माहितेय. नकोच आहे. त्यांचं तबक आमच्यातलं कुणी पुन्हा धरणार नाही.

आणि त्या दिवशी माईकवर तोडलेलं वाक्य इथं पुरं करते. फोटोतल्या बाईचं नाव सोमीबाई लहानू भोये. छापताना जागा कमी पडली तर फोटो लहान करा. नाव कापायचं नाही.