नेलपॉलिशची रेघ आणि ताइफचा रस्ता

सौदीत आपल्या नावावर गाडी असली की देश कायमचा सोडता येत नाही. ती विकायची, नाहीतर तशलीहमध्ये, म्हणजे भंगाराच्या आवारात, नेऊन टाकायची. माझा नवरा श्रीपाद धाहरानला तेल कंपनीत तपासणी अभियंता. त्याची निवृत्ती आली, मीही हॉस्पिटलमध्ये राजीनामा दिला, घर नाशिकला जायला खोक्यांत भरलं गेलं आणि गॅरेजमध्ये उरली ती ही हिरवी गाडी.

एक ब्रिटिश सहकारी देश सोडताना ती सुट्या भागांत ठेवून गेला होता. श्रीपादनं कित्येक वर्षं शुक्रवारच्या सुट्या घालवून ती जोडली. पाइपांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, दोन खुर्च्या. छप्पर नाही, दारं नाहीत. आत बसायचं म्हणजे आधी पाय सोडायचे आणि मग घसरायचं. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे भारतात नेणं शक्य नाही. गिऱ्हाईक मिळालं ते थेट ताइफचं. अबू सलमान, विमानांच्या दुरुस्तीतून निवृत्त झालेले. त्यांनी फोनवर एकच अट घातली, "गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. ट्रकवर चढवून आणलीत तर मला नको." दुसरं कुणी विचारतही नव्हतं. म्हणून आम्ही निघालो.

असा प्रवास कुणाला करायचाच असेल तर थंडीत करा. आम्ही नोव्हेंबरअखेर निघालो. कानटोपी, गॉगल आणि तोंडाला रुमाल हवाच; रियाधपर्यंत माझ्या कानांत निम्मं वाळवंट जमा झालं होतं. सामानाची जागा शिलाई मशीनच्या खोक्याएवढी. श्रीपादनं एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. माझी दुसरी शाल बाद झाली, शेंगदाण्याचे लाडू अर्धे झाले. हलक्या गाडीत प्रत्येक ग्रॅम मोजायचा असतो म्हणे. स्वतःच्या वाढलेल्या पोटाबद्दल तो काही बोलला नाही.

रियाधपर्यंतचा रस्ता सपाट, सरळ आणि कंटाळवाणा आहे. शेजारून ट्रक गेला की आपली नजर त्याच्या चाकाच्या मध्यावर असते. पंपावर थांबलो की लोक गाडीपेक्षा मलाच जास्त निरखायचे. पेट्रोलची चिंता करू नका, स्वच्छतागृहांची करा. शहराजवळच्या मोठ्या पंपांवरच थांबा. एका अफगाण तंदूरवर गरम तमीस रोटी आणि फूल, म्हणजे वालासारख्या कडधान्याची मऊ शिजवलेली उसळ, खाल्ली. वर थोडं तिखट भुरभुरलं तर आपल्या जिभेला चालते.

आता नेलपॉलिशबद्दल. कंपनीत नट पक्का आवळला की नटावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक सरळ रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. श्रीपाद घरी हेच काम लाल नेलपॉलिशनं करतो. मी भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटरमध्ये नखं रंगवायला मनाई. त्यामुळे भाच्यांनी भेट दिलेल्या सगळ्या बाटल्या गॅरेजात गेल्या. रोज सकाळी तो बॅटरी घेऊन गाडीखाली डोकं घालतो आणि रेघा बघतो. रियाधच्या हॉटेलबाहेरही त्यानं बघितल्या. सगळ्या ठीक होत्या.

रियाध सोडून वाटेतलं कुवैइया गाव मागे टाकलं आणि गाडीचं मागचं अंग डुलायला लागलं. आधी मला वाटलं वारा असेल. मग माझ्या पाठीमागे टक्, टक् सुरू झालं.

"ऐकतोयस ना?" मी ओरडले.

"रेघा बघितल्यात मी!" तो ओरडला.

पुढच्या पंपावर त्यानं पुन्हा डोकं आत घातलं. प्रत्येक नटावर लाल दिसत होतं. तो बाहेर आला आणि बॅटरी माझ्या हातात दिली. मग मी वाकले. मागच्या डाव्या चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या नटावर रेघ नव्हती, लाल बोट उमटलं होतं. मी ओला टिश्यू लावला. टिश्यू लाल झाला.

"श्रीपाद, हे नेलपॉलिश नाही. कुंकू आहे."

त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. खंडेनवमीच्या सकाळी तो याच दांड्याचं रबर बदलत होता. मी पूजेला हाक मारली. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, पूजेत ठेवून विश्रांती द्यायची, हे त्याच्या घरचं कडक वळण. म्हणून नट हातानंच फिरवून त्यानं पाने, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडले आणि मोठ्या उत्साहानं गाडीला, चाकांना, नटबोल्टांना हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी नटावर लाल दिसलं आणि काम झालं असं त्यानं धरलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा तपासणारा माणूस! मला हसू आलं, पण आम्ही धाहरानपासून त्या हातानं फिरवलेल्या नटाच्या भरवशावर आलो होतो.

रिकामा ट्रक घेऊन उभा असलेला एक पाकिस्तानी ड्रायव्हर जवळ आला. "भाईजान, ऊपर चढ़ा दो. ताइफ छोड़ दूँगा. खलास."

श्रीपादनं गाडीकडे बघितलं. ट्रकवर चढवली की ती भंगारातच जाणार होती. त्यानं बोल्ट काढला, हातात फिरवून पाहिला, पुन्हा बसवला आणि अंगाचा जोर लावून नट आवळला.

"बोल्ट चांगला आहे," तो म्हणाला. "पण तू टॅक्सीनं ये."

"बाटली दे," मी म्हटलं. त्यानं बॅटरी धरली आणि रेघ मीच ओढली. मग पाय आधी सोडून खुर्चीत घसरले.

पुढे प्रत्येक पंपावर उतरून आम्ही दोघं वाकत होतो. रेघ सरळ होती. ताइफचा चढ लागला तेव्हा थंडी दातांत शिरली आणि बाद झालेल्या शालीवरून मी त्याला यथेच्छ बोलले. गुलाबांचे मळे बघायचे असतील तर मार्चनंतर या. आम्हाला नुसती काटेरी झुडपं दिसली.

अबू सलमान फाटकातच उभे होते. किल्ली देण्याआधी श्रीपादनं त्यांना सगळं सांगितलं, कुंकवासकट. मी मनात म्हटलं, झालं, गेली गाडी. ते पांढऱ्या स्वच्छ थोबसकट, म्हणजे पायघोळ झग्यासकट, जमिनीवर आडवे झाले आणि बराच वेळ गाडीखालून त्यांचे फक्त पाय दिसत राहिले.

"ही रेघ कुणाची?" त्यांनी आतून इंग्रजीत विचारलं.

"बायकोची."

"आणि ती याच गाडीतून आली?"

"हो."

ते बाहेर आले, थोब झटकला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. श्रीपादला ती सोडायला जरा वेळ लागला.

ताइफहून दम्मामला विमानानं आलो. धाहरानचं गॅरेज आता रिकामं आहे. गाडी जिवंत राहिली याचं समाधान आहे आणि शुक्रवारी सकाळी श्रीपादचं काय करायचं हा प्रश्नही आहे. हॉस्पिटलमधला माझा शेवटचा दिवस संपवून घरी आले तर तो जमिनीवर बसून उरलीसुरली हत्यारं भरत होता. नेलपॉलिशच्या त्या बाटलीत तळाशी थोडं लाल शिल्लक होतं.

"आता मला चालेल," मी नखं पुढे केली.

त्यानं माझा अंगठा धरला. नख रंगवणं त्याला कुठलं यायला? त्यानं नखावरून खाली कातडीपर्यंत एक सरळ रेघ ओढली, बॅटरी लावून तपासली आणि मग हात सोडला.