सोडणातली भाजी

लवू गेला आणि तेराव्याच्या पंगती उठायच्या आतच धाकट्या गुणाजीने घराची वाटणी उरकली. भाताचे मळे, माड, विहीर, घर त्याचं. थोरल्या लवूच्या बायकोला, म्हणजे कृष्णाबाईला, वरच्या सड्यावरची, उघड्या माळावरची खोपी आणि भोवतीचा कातळ. कातळ कसा? जांभ्याची एकच लादी! पहार मारावी तर पहारच उलटी अंगावर यावी.

"गुणाजी, दोन घमेली माती तरी दी रे," ती म्हणाली. "मिरसांगेचां एक झाड लावीन, मिरची तरी इकत घेवक नको."

"माती आमच्या वाट्याची, वयनी. तुका फातर दिलो आसा, तो नीट मोजून घे!"

आणि आपल्याच बोलण्यावर तो असा हसला, की पंगतीतली माणसंही हसली. त्या दिवशी वडे चांगले झाले होते ना!

आता त्या घराची एक रीत. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी बांधतात, तिला ज्याने त्याने आपल्या वाट्यात पिकलेलं एक फळ टांगायचं. ज्याचं फळ वर, तो घरचा. ज्याचं नाही, त्याने खळ्यात, म्हणजे बाहेर अंगणात, पाहुण्यासारखं बसायचं. पहिल्या वर्षी कृष्णाबाई खळ्यात बसली. तेव्हापासून तिच्या जिवाला एकच ध्यास: घरच्या माटवीला आपलं एक तवसं, आपल्या हातची मोठी काकडी.

पुढे ती निराधार पेन्शनच्या कागदासाठी ओरोसच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "उद्या या." ती फाटकाशी आली, तर तिथे शेतीचं प्रदर्शन, आणि अक्षया नावाची एक पोर नारळाच्या सोडणाच्या, वरच्या सालीच्या, भुशात भेंडी लावून उभी.

"माती खंय आसा?"

"मातीच नाही, आजी. भुसा आठ दिवस भिजवायचा, पाणी बदलत राहायचं. चहासारखा रंग यायचा थांबला की झाडं लावायची."

"आणि त्यांनी खावचां काय?"

"माशाची आतडी आणि गूळ. तीन आठवडे डब्यात मुरवा. मग बादलीभर पाण्यात दोन चमचे."

कृष्णाबाई गालात हसली. सोडणं लोक फेकतात, आतडी कोळणी फेकतात, मालवणच्या बंदरावर मासळीचे थर्माकोलचे फुटके खोके कोणीही उचलावेत. यातलं काहीच गुणाजीकडे मागायला नको!

डबा मुरू लागला तसा सड्यावरून वास सुटला. रोज सकाळी गुणाजी खालून हाळी द्यायचा, "वयनी, जित्ती आसस, की वास तुझोच?" वाडी पोट धरून हसायची.

पण दोन वर्षांत बावीस खोके झाले. भेंडी, शिराळी, माठ. बाजारात बसणारी रसिका सगळं उचलायची, माल कुणाचा ते मात्र कुणाला सांगायची नाही. ऋषिपंचमीच्या आधी तर ओरडून विकायची, "बैलाचो पाय लागलेलो नाय!" त्या दिवशी बायकांना बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, आणि कृष्णाबाईच्या कातळावर बैल चढणार तरी कसा? एक तवसं मात्र तिने विकलं नाही. जुन्या लुगड्याच्या झोळीत टांगून ते तिने पोरासारखं वाढवलं.

चतुर्थीला ते पदरात घेऊन ती खाली उतरली. गुणाजीने हातात तोललं, हात उंचावून माटवीला बांधलंसुद्धा. कृष्णाबाईचे डोळे भरले. मग त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "घातलंस काय गो ह्येका?"

आणि त्या भोळीने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. आतड्यांसकट!

"गणपतीच्या डोक्यार माशाचां तवसां?" गुणाजीने कोयत्याने दोरी कापली आणि तवसं खळ्यापलीकडे भिरकावलं. ते म्हशीने खाल्लं. तिने काही सोवळं पाळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचमी. वाडीतल्या सात-आठ जणी सावित्रीकडे, गुणाजीच्या बायकोकडे, जेवायला बसल्या होत्या. कृष्णाबाईचं पान खळ्यात, पायरीखाली. शेजारी भाजीच्या सालींची टोपली. तिच्यात माठाच्या जुडीची काथ्याची दोरी पडली होती, आणि दोरीला दुहेरी गाठ. ती गाठ लवूने तिला शिकवलेली. साऱ्या मसुरे गावात ती दुसरं कोणी मारत नव्हतं.

"खावन बघ, वयनी," सावित्री दारातून म्हणाली. "बाजारात्सून हाडलंय. बैल नाय, नांगर नाय. ह्येका म्हणतत सोवळ्याची भाजी!"

आत बायका मिटक्या मारत होत्या. "काय गोड शिराळी गो!"

कृष्णाबाईने तोंड उघडलं. एका शब्दात सावित्रीचं व्रत बुडालं असतं, सात-आठ जणींना गोमूत्राच्या चुळा भराव्या लागल्या असत्या. पण त्या सगळ्या रसिकाच्या गिऱ्हाईक. त्याच शब्दात सड्यावरचे बावीस खोकेही बुडाले असते. तिने उघडलेल्या तोंडात घास घातला.

"अशी रुजवूक तुका जनमात जमाची नाय," ओटीवरून गुणाजी म्हणाला.

"खरां रे बाबा," कृष्णाबाई म्हणाली. "माका खंय माती?"

आणि तिने पान पुढे सरकवलं. "आणि वाढ गो सावित्री, बरी झाली हा."

सावित्रीने वाढली. अर्धाच डाव, आणि तोही वरून, पानाला हात लागणार नाही असा.