मिनिटबाई आणि आमची नऊ नाकं

नाकात काडी गेली आणि मी दचकलो, इथवर माझा गुन्हा माफ होता. पण दचकताना पांघरुणाखाली लपवलेली पाण्याची बाटली कलंडली आणि पलंगावरच्या ट्रेमध्ये रिकामी झाली. ट्रेमध्ये आठ जणांच्या नाकातले नमुने होते. नळ्यांवर शाईने लिहिलेली नावं वाहून गेली.

डायलिसिसच्या रोग्याने पाणी मोजूनच प्यायचं असतं. त्यामुळे बाईंनी आधी बाटली उचलली.

"यातलं पोटात किती गेलं?"

"दोन घोट."

"म्हणजे अर्धी," असं म्हणून त्यांनी मशीनवर अंगातून काढायच्या पाण्याचा आकडा वाढवला आणि नव्या काड्या काढल्या. सगळ्यांची नाकं पहिल्यापासून!

"माझ्या नाकाने यांचं काय घोडं मारलं होतं?" शेजारचे मास्तर गरजले.

बाई म्हणजे आमच्या छोट्या डायलिसिस केंद्राच्या टेक्निशियन. नऊ मशीन, नऊ रोगी, एक नर्स आणि या. पाठीमागे आम्ही त्यांना मिनिटबाई म्हणतो. चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं; दोनशे एकोणचाळिसाव्या मिनिटाला गयावया केली तरी सुई निघत नाही. बावीस वर्षं टोचताहेत. माझ्या दंडातली शीर माझ्या बायकोपेक्षा त्यांना जास्त पाठ आहे. साथ आल्यापासून दर सोमवारी, ताप असो वा नसो, सगळ्यांची तपासणी व्हायची. शेवटी नर्सचं नाक आणि मग स्वतःचं.

त्या दिवशी आधीच उशीर झालेला. मी उदारपणे म्हणालो, "तुमचं राहू द्या हो. ठणठणीत तर आहात."

त्यांनी सरळ स्वतःच्या नाकात काडी घातली.

बुधवारी निकाल आला. आम्ही नऊही सुटलो, नर्स सुटली, बाई सापडल्या! ना ताप, ना खोकला. लिफ्ट बंद होती म्हणून सकाळी तीन मजले चढून आल्या होत्या. "सोमवारी सगळ्यांना पुन्हा तपासा," एवढं नर्सला सांगून त्या तशाच उतरून गेल्या.

आमच्या मूत्रपिंडांनी आधीच राजीनामा दिलेला. फुप्फुसांनीही संप पुकारला असता तर आटोपलंच. आणि गेले काही दिवस प्रत्येकाच्या दंडावर वाकून सुया लावल्या होत्या बाईंनीच.

मी त्यांना फोन केला. "जेवणाचं काय?"

"सासूबाई दारात ताट ठेवतात आणि पळतात. सव्वीस वर्षांत त्यांना पळताना पहिल्यांदाच पाहिलं." मग आवाज उतरला. "मास्तर खोकतात का?"

"नाही."

"खरं सांगा."

"नर्सशी भांडताहेत."

"मग बरे आहेत," त्या म्हणाल्या. पण संध्याकाळी त्यांनी मास्तरांच्या सुनेलाही फोन करून तेच विचारलं.

सोमवारी पुन्हा नाकं दिली. बुधवारी निकाल आला: नऊच्या नऊ निगेटिव्ह. मी फोनवर सांगितलं, तर पलीकडून नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"सर्दी झाली का?"

"झाली," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

विलगीकरण संपवून बाई कामावर आल्या आणि एका टोचण्यात माझी शीर सापडली. नर्सला दर वेळी तीनदा टोचावं लागत होतं. मला भरून आलं.

"बाई, एक सांगू? तुम्ही स्वतःला तपासलं नसतं, तर कुणाला कळलंसुद्धा नसतं."

सुईवर पट्टी चिकटवत त्या म्हणाल्या, "कळलं असतं की, तुम्ही मेल्यावर."