मल्हारीमामांचं अर्धं बॉनेट

मल्हारीमामा दवाखान्याच्या आवारात शिरले की आधी गाडीची विचारपूस करत, मग माणसांची. उजव्या हाताची पालथी बाजू बॉनेटवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि थोडा वेळ तसंच उभं राहायचं. आजारी मेंढीचा ताप तिच्या कानाला असाच पालथा हात लावून बघतात म्हणे. फुलंब्रीकडच्या धनगराच्या घरात वाढलेल्या या माणसाचा हात शहरात आल्यावर पॉलिशसाठी मोटारींवर पडू लागला, एवढाच काय तो फरक. हात भाजला की मामा गाडीच्या मालकाकडे असे बघत, जणू त्यानं पोटच्या लेकराला उन्हात उभं केलंय. "तापलीय. दम धरा," म्हणून ते खुशाल लिंबाखाली जाऊन बसत. घाईतला मालक चिडला तर म्हणत, "घामेजल्या जनावराला कुनी न्हाऊ घालतं का? गार होऊ द्या तिला."

मी देशमुख डॉक्टरांचा कंपाउंडर. शहागंजाच्या मागच्या गल्लीत आमचा दवाखाना होता आणि औषधाच्या खिडकीतून अख्खं आवार दिसायचं. पुड्या बांधता बांधता दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड मला तिथंच लागली; ती अजून गेलेली नाही. डॉक्टरांची काळी मोटार म्हणजे दवाखान्याची शान. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघालेल्या एका जहागीरदारानं ती डॉक्टरांच्या वडिलांना दिली होती. डॉक्टरांनी ती हौसेनं नव्यानं रंगवून घेतली आणि आमच्या औरंगाबादेचं ऊन त्या रंगाच्या मागे हात धुऊन लागलं. चैत्र संपतो न संपतो तोच काळ्याचा राखाडी दिसू लागला.

मामांचं नाव मीच सुचवलं. कळप धाकट्या भावाच्या हवाली करून ते नुकतेच बायकोसह शहरात आले होते आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांना पॉलिश करत होते. त्यांनी डॉक्टरांच्या गाडीला मधाच्या पोळ्याचं मेण लावलं आणि घासायला घरची लोकर घेतली. ती मेंढीच्या अंगावरून उतरवलेली, तशीच, न धुतलेली. अशा लोकरीत मेंढीच्या अंगचं तूप असतं, पावसात भिजल्या मेंढीला ते सांभाळतं. मेंढीला सांभाळतं ते मोटारीलाही सांभाळेल, असा मामांचा हिशेब! गाडी अशी झळकली की डॉक्टर तिच्याभोवती दोनदा फिरून आले. दुसऱ्या दिवशी ते एका पेशंटला बघायला सोयगावला गेले, आणि परत आली ती गाडी मातकट होती. वाटेवरची सगळी धूळ त्या मऊ मेणात आणि तुपात रुतून बसली होती. पुसायला जावं तर लेप व्हायचा.

"मल्हारी, हे तुझं काम नाही," डॉक्टर भरल्या दवाखान्यात म्हणाले. "तू आपली मेंढरंच राख."

बाकावरचे पेशंट हसले. मीही हसलो. आज लिहिताना लाज वाटते, पण हसलो हे खरं आहे.

मामांनी दोन दिवस खपून गाडी साफ करून दिली. तिसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो, तेव्हा ते म्हणाले, "कंपोंडर, भाऊ तिकडं वाटच बघायलाय. जाताना म्हन्ला व्हता, दादा, चार महिन्यांत माघारी येशील. आता मपलाच कळप त्याच्या दारात जाऊन मागू का? अख्ख्या गावासमोर?" दवाखान्यातलं ते हसणं मामांना गावापर्यंत ढकलत नेणार, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझंच तोंड कडू झालं.

पण मामा गेले नाहीत. त्यांनी भंगारातून एका मोटारीचं जुनं काळं बॉनेट आणलं, शेडच्या छपरावर टाकलं आणि खडूनं त्यावर पट्टे आखले. बाजारात मिळेल ते प्रत्येक मेण एकेका पट्ट्यावर. वैशाखातल्या भर दुपारी शिडी चढून मला ते दाखवायला नेत. "ह्ये मेनबत्तीचं. बारा वाजायच्या आत पळालं. ह्ये बुटाच्या पालिशीचं. ह्येचा वासच मोठा. अन् ह्ये पोळ्याचं. पळत नाय, पर नरमतंय. नरमलं की धूळ धरतंय." सकाळी पट्टे लावायचे, दुपारी बोट टेकवून बघायचे, संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतायचं. पाण्याचे थेंब उभे राहिले तर मेण जिवंत, पाणी पसरलं तर मेलं. संध्याकाळी सगळेच पट्टे मेलेले असत.

त्याच दिवसांत मामांचं बोट पत्र्यानं कापलं आणि पिकलं. मी त्यांना गुलाबी, चकचकीत गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी बोट तसंच टरटरलेलं.

"मामा, गोळी घेतली का?"

"नाय. छपरावर ठिवली."

मी कपाळावर हात मारून घेतला. मामांना त्याचं काही नव्हतं. "कंपोंडर, दिसभर उन्हात व्हती. चमक गेली नाय. चिकटली बी नाय. हिच्या अंगाला काय लावत्यात?"

वीस वर्षं मी त्या गोळ्या मोजून देत होतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. औषध कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, परदेशात एक ताडाचं झाड असतं, त्याच्या पानावरून खरवडून काढलेलं मेण असतं ते. सगळ्या मेणांत कडक. मी धावतच शेडवर गेलो. मामांनी ऐकून घेतलं आणि छपरावरच्या पट्ट्यांकडे नजर टाकली. मग म्हणाले, "बराबर हाय. मधमाशी पोळं सावलीत बांधती. तिचं मेन सावलीचं. ह्ये मेन पानानं उन्हासाठीच केलेलं हाय."

शहागंजातल्या एका रंगवाल्याकडे ते निघालं. पिवळे, दगडासारखे तुकडे. मामांनी ते गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवले, लावायला सोपं जावं म्हणून चिमूटभर पोळ्याचं मेण आणि टर्पेंटाइन घातलं. लोकर रिठ्याच्या पाण्यात इतक्यांदा धुतली, की मामी म्हणाल्या, "माज्या लुगड्याला बी कधी एवढा रिठा मिळाला नाय!" नवा पट्टा छपरावर पावसाळ्यापर्यंत जिवंत राहिला.

पुढच्या उन्हाळ्याआधी मामा डॉक्टरांसमोर उभे राहिले. तोवर जालना रोडवर गाड्या चमकवून देणारं, काचेच्या तावदानांचं एक दुकान निघालं होतं आणि डॉक्टर तिथून परदेशी पॉलिश लावून घ्यायच्या विचारात होते. मामा म्हणाले, "लावा साहेब. पर अर्धं बॉनेट मला द्या. गाडी महिनाभर उन्हात उभी करा. हरलो तर मी गावाला जातो." डॉक्टर हट्टी होते, पण खोटे नव्हते. "प्रयोग म्हणजे प्रयोग," ते म्हणाले.

बॉनेटच्या मधोमध दोरी धरून रेघ मारली. काचेच्या दुकानाचा मालक सभ्य माणूस होता. हसत हसत आला आणि भरदुपारी चकाचक करून गेला. "डॉक्टर साब, बाहर का माल है, चेहरा देख लो!" खरंच चेहरा दिसत होता. मामांनी मात्र सकाळी, गाडी गार असताना, सावलीत, बोटभर मेण इतकं पातळ फिरवलं की लावलंय की नाही कळेना. त्या दिवशी त्यांची बाजू फिकीच दिसली. "मामा, अजून थोडं थापा की!" मी कुजबुजलो. "थापायचं काम गवऱ्याचं," मामा म्हणाले आणि निघून गेले.

महिनाभर ती काळी गाडी आवारात तापत उभी होती. रोज सकाळी ओल्या फडक्यानं मी तिची धूळ पुसत होतो, दोन्हीकडे सारखेच हात, इमानानं. पंधरा दिवसांनी परदेशी बाजूचा चेहरा धूसर झाला. मी कुणाला बोललो नाही. भीती वाटत होती, आपलीच नजर पक्षपात करतेय की काय.

ठरल्या दिवशी आवार भरलं. काचेच्या दुकानाचा मालक आला, पेशंट बाकं सोडून बाहेर आले, आणि मामांचा भाऊ गावाहून मुद्दाम आला होता. वळकटी बांधायला मदत करायच्या तयारीनं. डॉक्टरांनी स्वतः तांब्या घेतला आणि रेघेवर पाणी ओतलं. एका अंगाला ते पसरलं आणि तिथंच सुकत बसलं. दुसऱ्या अंगाला टपोरे थेंब उभे राहिले, गडगडत खाली गेले, आणि मागे उरला तो काळाभोर रंग, पहिल्या दिवसाचा. मग मामांचा भाऊच ओरडला, "दादा, जितलास की रं!" काचेच्या दुकानवाल्यानं पुढं होऊन मामांचा हात हातात घेतला. "मान गए उस्ताद," तो म्हणाला. मी टाळ्या वाजवत होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला. "मागं मी तुम्हाला मेंढरं राखायला सांगितलं होतं. चुकलो. शब्द परत घेतो."

मामांनी कमरेला खोचलेली लोकर काढून हातावर धरली. पांढरीशुभ्र. "कामून परत घेता साहेब? मेंढरानंच राखली ना तुमची गाडी."

सगळं आवार हसलं. या वेळचं हसणं मामांच्या बाजूचं होतं. त्यानंतर वीस वर्षं शहरात नवी गाडी आली की आधी मामांच्या शेडवर जायची. मामा आता नाहीत, पण ते आठवले की मला हीच दुपार दिसते आणि तिचा शेवट.

डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "मग आता उरलेली सगळी गाडी आत्ताच करून टाका, मल्हारीमामा."

आमच्या डॉक्टरांनी त्यांना मामा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मामा पुढं झाले, गाडीच्या टपावर पालथा हात टेकवला, डोळे मिटले.

"तापलीय, साहेब. दम धरा."

आणि ज्यांच्यासाठी अर्धं गाव ताटकळायचं, ते देशमुख डॉक्टर निमूटपणे लिंबाखाली जाऊन बसले.