इंग्रजीत विहीण नाही

लेकीने स्कॉटलंडचा मुलगा पसंत केला, तेव्हा मला धास्ती पडली. पोर जिच्या पदरात घालायची, त्या बाईशी चार शब्द बोलता येणार नाहीत, याची ती धास्ती. माझं इंग्रजी थँक्यू-सॉरीच्या पुढे कधी गेलंच नव्हतं. "मी हाय ना," नवरा म्हणाला. त्याचं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. तिथलं इंग्रजी विहिणीसमोर काढण्यासारखं नव्हतं.

शेवटी लग्नाला आलेली लेकच मास्तरीण झाली. मांडवीच्या आमच्या पडवीत मी आणि जाऊबाई कोळंबी सोलत बसलेल्या, ती समोर पाटावर. सुरुवात 'मदर'ने. आमचा द तिला पसंत पडेना. "जीभ वायच दातात धर नि हवा सोड." मी धरली, सोडली. जाऊबाईंनी जरा जास्तच मन लावून सोडली आणि त्यांची कवळी थेट कोळंबीच्या भांड्यात पडली. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं, पण दोघींचे हात कोळंबीचे, पुसणार कशाने?

मग 'डॉटर'. माझ्या तोंडून दर वेळी 'डॉक्टर'च निघे. "आई, मला सासरी पाठवतेस की दवाखान्यात?" शिवाय त्यातला जी आणि एच बोलायचाच नाही म्हणे.

"बोलायचा नाय तर लिवलान कशाला गो?" जाऊबाईंनी विचारलं.

"घरजावई हायत ते, काकी. असतात, पण बोलत नाहीत."

'आँट'ला तर जाऊबाई बिथरल्याच. काकी, मामी, आत्या, मावशी सगळ्या एकाच शब्दात कोंबलेल्या, आणि तोंड जरा वेडंवाकडं उघडलं की मुंगी. पुढे 'सिस्टर-इन-लॉ' आलं. नणंद तीच आणि जाऊही तीच. "मंग बोटं मोडायची कोणाच्या नावान?" त्या म्हणाल्या. मास्तरणीने त्या दिवसाचा धडा तिथेच आटोपला.

विहीणबाई आल्या. उंच, उन्हाने गाल लालबुंद झालेल्या. व्याहीभेटीला मी पुढे झाले, दातांत जीभ धरली आणि म्हटलं, "आय मदर. शी माय डॉटर." डॉक्टर नाही, काही नाही. मागे जाऊबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, कवळीवर हात ठेवून.

विहीणबाई खूश झाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं, स्वतःकडे केलं आणि काहीतरी विचारलं. आपण दोघी एकमेकींच्या कोण, असं विचारत होत्या. मी लेकीकडे पाहिलं.

"आई, इंग्रजीत त्याला शब्दच नाय."

मला झालेला आनंद काय सांगू. इंग्रजांनी अर्ध्या जगावर राज्य केलं आणि एक विहीण करायची राहून गेली. मी ताठ मानेने सांगितलं, "विहीण."

आता मास्तरीण मी. त्यांना ण काही केल्या येईना. "विहीन," त्या म्हणत. "जीभ वर, टाळूला," मी स्वतःचं तोंड उघडून दाखवे. परत "विहीन". हळदीला विहीन, पंगतीत विहीन. "पोर पण न्यायची नि वर विहीन म्हणायचा," जाऊबाई कुरकुरल्या. विहीन म्हणजे जिच्याकडे काही उरलं नाही ती, असा अर्थ लेकीने समजावून सांगितला, तेव्हा विहीणबाई तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की वाढपी थांबून बघायला लागले. मला त्या बाई आवडल्या. ती धास्ती कधी गेली, कळलंही नाही.

मग लेक सासरी गेली. त्यानंतरच्या रविवारी मी कोळंबीचं कालवण केलं, लेक घरात असतानाच्या अंदाजाने, आणि पातेल्यात बरंच उरलं. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर विहीणबाई. गालाखाली हात ठेवून त्यांनी खुणेने सांगितलं, "डॉटर, स्लीप." मग आवाज हळू करून, फार मायेने म्हणाल्या, "हॅलो, विहीन."

मला रडू आलं. त्यांचा ण दुरुस्त करावा असं त्या दिवशी वाटलं नाही.

"यस," मी म्हटलं. "विहीन."